अंतरपाटाचा क्षण पुन्हा न घडवता कलात्मक छायाचित्र मिळू शकते का?

प्रश्न
पुढील महिन्यात वाईतील आमच्या जुन्या वाड्याच्या चौकात धाकट्या बहिणीचे गोरज मुहूर्तावर लग्न आहे. जाडजूड अल्बमऐवजी भिंतीवर लावण्याजोगी मोजकी, कलात्मक छायाचित्रे घ्यावीत असे घरात ठरले आहे. परंतु अंतरपाट दूर होण्याचा क्षण विधी आटोपल्यावर पुन्हा करवून घेऊ, असे छायाचित्रकाराने सुचवल्यामुळे वडीलधारी मंडळी नाराज आहेत. तो एकदाच घडत असताना नीट टिपता येणार नाही का?

प्रतिसाद १
नक्कीच येतो, आणि तसाच टिपला जावा. मोकळ्या लॉनवर गोरज मुहूर्ताला कलते ऊन पूर्व-पश्चिम उभ्या असलेल्या वधूवरांपैकी एकाच्याच चेहऱ्यावर येते. वाड्याच्या चौकात मात्र वरून आकाशाचा मऊ उजेड उतरतो आणि अंतरपाटाचे पांढरे कापड तो दोन्ही चेहऱ्यांवर परतवते. एवढ्या पांढऱ्या रंगामुळे कॅमेऱ्याचे उजेडाचे स्वयंचलित मापन फसते व चेहरे काळवंडतात, म्हणून उजेड चेहऱ्यावरच मोजावा. अक्षतांचे दाणे हवेत स्थिर हवे असतील तर शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवावा. १/६० सेकंदाला त्यांच्या रेघा उमटतात, ज्या मला स्वतःला अधिक जिवंत वाटतात. व्हिडिओवाल्यांना प्रखर दिवा थेट न रोखता भिंतीवर वळवायला आधीच सांगावे, नाहीतर सगळी मेहनत वाया जाते.

प्रतिसाद २
माझ्या मते खरे चित्र अंतरपाट दूर होण्याआधीच मिळते. मंगलाष्टके चालू असताना वधूवर एकमेकांना दिसत नाहीत, पाठीशी मामा उभा असतो, आणि सगळ्यांचे लक्ष भटजींच्या सुरांकडे असल्याने कॅमेऱ्याचे भान कोणालाच राहत नाही. चित्रकार अमृता शेरगिल यांचे वडील उमराव सिंग यांनी अनेक वर्षे आपल्याच कुटुंबाची छायाचित्रे काढली. त्यांतील काही मुद्दाम मांडलेली आहेत, तरी ती आजही पाहावीशी वाटतात, कारण काढणारा त्या घरातलाच होता. म्हणून छायाचित्रकाराला निदान हळदीच्या दिवशी सकाळपासून घरात वावरू द्यावे, म्हणजे आजीचा स्वभावही त्याला कळेल आणि चौकातला उजेडही.

प्रतिसाद ३
छपाईचे आत्ताच ठरवून घ्यावे. सुती कागद आणि पिगमेंट (रंगकणांची) शाई वापरावी, चित्र काचेला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) घालावा आणि थेट ऊन पडणारी भिंत टाळावी. मूळ रॉ फाइली (कॅमेऱ्यातून निघालेल्या, प्रक्रिया न केलेल्या) मिळतील का, हेही करारातच लिहून घ्यावे.