मदत हवी आहे : गळ्यातला लाईट, हेडलॅम्प की क्लिपवाला? (वाचन, दुरुस्ती, प्रवास)

सुरंगी

नमस्कार मंडळी, एक साधा लाईट घ्यायचाय पण ऑनलाईन बघून बघून डोकं भंजाळलंय म्हणून इथे विचारते. माहेर चिपळूण, पावसाळ्यात तिकडे लाईट कधी जातील नि कधी येतील याचा नेम नाही. बाबा रिटायर झाल्यापासून अख्ख्या आळीचे मिक्सर, इस्त्र्या, जुने रेडिओ उघडून बसतात. दुपारी पडवीत ठीक असतं पण दिवेलागणीनंतर कोणीतरी शेजारी बॅटरी धरून उभं राहायचं आणि "अगं तिकडे काय पाडतेस, इकडे पाड उजेड" हे ऐकून घ्यायचं, ही आमच्या घरातली पिढीजात नोकरी. आता मी ठाण्याला, भाऊ पुण्याला, त्यामुळे ते बॅटरी चक्क दातात धरतात आणि वर बोलतातही!

आई पहाटे पोथी वाचते, ट्यूब लावली की बाबांची झोपमोड, मग सकाळभर दोघांची धुसफूस. आणि मी, गावी जाताना रात्रीच्या गाडीत स्लीपरला वाचत बसणारी, दहानंतर डब्यातले दिवे बंद झाले की मोबाईलचा टॉर्च लावावा लागतो आणि समोरच्या बर्थवरचे काका कूस बदलून बदलून निषेध नोंदवतात.

तर तो गळ्यात घालायचा यू आकाराचा असतो ना, दोन्ही टोकांना एलईडी आणि हवी तशी वाकणारी मान, तो तिघांनाही चालेल का? की बाबांना डोक्याला बांधायचा हेडलॅम्प? पुस्तकाला लावायचा क्लिपवाला कोणी वापरलाय का? बजेट एका लाईटला हजारच्या आत. दोघांनाही चष्मा आहे, बाबांचा बायफोकल.

सोल्डरकाका

ताई, तिघांना एकच घेऊ नका, सरळ सांगतो. गळ्यातला लाईट छातीबरोबर फिरतो आणि हेडलॅम्प नजरेबरोबर, सगळा फरक इथेच आहे. टेबलावर मान खाली घालून मिक्सर उघडलाय तर गळ्यातला झकास, दोन बाजूंनी उजेड येतो त्यामुळे स्क्रू-ड्रायव्हरची आणि हाताची सावली नेमकी स्क्रूवर पडत नाही. पण हेच बाबा सिंकखाली आडवे झाले किंवा पंख्याचा कपॅसिटर बदलायला स्टुलावर चढले की गळ्यातला उजेड भलतीकडेच, तिथे हेडलॅम्पच पाहिजे.

आणि एक, मोटर चालू करून बघताना किंवा ड्रिल मारताना गळ्यातलं काढून बाजूला ठेवायचं. फिरत्या वस्तूवर ओणवं होताना गळ्यात लोंबणारं काही नको, मग तो लाईट असो की उपरणं.

खिडकीची_सीट

प्रवासाला गळ्यातलाच घ्या. मी क्लिपवाला आधी वापरायचे, जाड पुस्तकाला ठीक, पातळ पुस्तकाचं पान त्याच्या वजनाने पुढे झुकतं आणि दर दोन पानांनी क्लिप काढून लावा, वैताग नुसता. गळ्यातल्याची दोन्ही टोकं आत पुस्तकाकडे वळवली आणि सगळ्यात मंद ठेवला की उजेड पानापुरताच राहतो, वरच्या बर्थला पत्ताही लागत नाही. फक्त तीन रंगांचा बघून घ्या, पिवळा, मधला, पांढरा असे. रात्री पिवळा.

विमानाने जात असाल तर हँडबॅगेतच ठेवा. पॉवर बँक आणि सुटे लिथियम सेल चेक-इनच्या बॅगेत चालतच नाहीत, आतल्या बॅटरीचा लाईटही मी तिकडे टाकत नाही, बॅगेत चुकून बटण दाबलं जातं आणि उतरेपर्यंत मेलेला असतो.

डोंगरभाऊ

हेडलॅम्पबद्दल माझे दोन पैसे. आम्ही राजगड, हरिश्चंद्रगड रात्रीचे चढतो तेव्हा वापरतो पण घरात लाईट गेल्यावरसुद्धा तोच हाताशी येतो. लाल उजेडाचा मोड असलेला घ्या, डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा पांढरा उजेड डोळ्यात गेला की ती सगळी मेहनत पाण्यात, मंद लालने तसं फारसं होत नाही. पावसाळ्यात पांढऱ्या लाईटवर किडे अक्षरशः तोंडावर येतात, लालवर बरेच कमी. पाणी उडालं तरी चालेल असा आयपीएक्स४ पुरे. आणि बाबांना सांगा हेडलॅम्प लावून कोणाशी बोलायला मान वर करायची नाही, समोरचा आंधळा होतो 😄 आमच्या ग्रुपमध्ये यावरून भांडणं झालीत.

कोकणात लाईट जाण्याचा प्रश्न असेल तर एएए सेलवर पण चालणारा मिळाला तर बघा, चार्जिंग संपलं तरी वाण्याकडे सेल मिळतात.

सुरंगी

बापरे, किती पटापट उत्तरं, धन्यवाद सगळ्यांना. म्हणजे बाबांना हेडलॅम्प आणि आईला-मला गळ्यातला असं दिसतंय. पण ते जाहिरातीत कोणी ३०० ल्युमेन लिहितं, कोणी १००० लिहितं, केल्विन लिहितात, सीआरआय लिहितात, यातलं नेमकं बघायचं काय?

सोल्डरकाका

ल्युमेन म्हणजे लाईटमधून एकूण किती उजेड निघतो ते, त्याच्या मागे लागू नका. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो, आणि गळ्यातला लाईट पुस्तकापासून दीड-दोन वीत असतो, त्यामुळे थोडक्या ल्युमेनमध्येही वाचायला भरपूर होतं, उलट जास्त असेल तर गुळगुळीत कागदावरून चमकून डोळ्यातच येतो. स्वस्तातल्या लाईटवरचे हजार-हजारचे आकडे तर मी मनावरच घेत नाही.

केल्विन म्हणजे उजेडाचा रंग, ३००० च्या आसपास पिवळा, ४००० मधला, ६००० निळसर पांढरा. आईंना पहाटे ३०००, बाबांना कामाला ४०००. सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, १०० पैकी. बाबा रेडिओ उघडतात म्हणजे रेझिस्टरवरचे, त्याची व्हॅल्यू सांगणारे रंगीत पट्टे वाचत असणार, कमी सीआरआयच्या लाईटखाली तपकिरी, लाल, नारिंगी सगळे भाऊभाऊ दिसतात आणि भलत्याच व्हॅल्यूचा रेझिस्टर बसतो. ८० च्या वर बघा, ९० मिळाला तर सोन्याहून पिवळं.

घेतल्यावर एक टेस्ट करा. लाईट सगळ्यात मंद करून मोबाईलचा कॅमेरा त्यावर धरा, स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो फडफडतोय, नुसत्या डोळ्याला कळत नाही पण तासभर वाचलं की काही जणांचं डोकं चढतं. ठळक पट्टे असतील तर रिटर्न मारा.

रात्रपाळी

चार्जिंगबद्दल कोणी बोललंच नाही. टाईप सी लिहिलेलं असतं पण स्वस्तातले बरेच लाईट दोन्हीकडे सी असलेल्या वायरवर चार्जच होत नाहीत, आत दोन फुटकळ रेझिस्टर वाचवलेले असतात. लोक बिघडला म्हणून परत करतात. एका बाजूला जुना चौकोनी यूएसबी असलेली वायर लावा, चालतो. आई-बाबांना पाठवताना ती वायर बरोबर द्या नाहीतर रात्री फोन येईल.

खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर ने सुरू होणारा नंबर असेल तर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघता येतो, कंपनीचं नाव जुळतंय का ते. लिथियम बॅटरी गळ्याशी घेऊन बसायचं म्हटल्यावर एवढं बघावं.

सुरंगी

@रात्रपाळी हे फार कामाचं, फोन तर येणारच 😅

अजून एक, बाबांच्या बायफोकलवर हेडलॅम्प चमकणार नाही ना?

डोंगरभाऊ

कपाळावर असतो, चष्म्याच्या वर, त्यामुळे थेट काचेवर येत नाही. फार खाली भुवयांवर ओढला की काचेच्या वरच्या कडेला झळाळी येते, थोडा वर सरकवायचा आणि लाईटचं तोंड खाली वाकवणारा सांधा असतो त्याने उजेड पाडायचा. बायफोकलवाले जवळचं बघायला मान वर करून खालच्या काचेतून बघतात ना, त्यामुळे तो सांधा चांगला खालपर्यंत वळणारा पाहिजे, दुकानात हेच वळवून बघा. ठाण्याहून जमत असेल तर मुंबईत लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडला हातात घेऊन घ्या.

टाके_टीप

धागा थोडा भरकटवते, माफ करा. गूजनेकवाल्यांची, म्हणजे वाकणाऱ्या मानेच्या लाईटची, मान एकाच जागी सारखी वाकवली की तिथेच मऊ पडते आणि मग टोक लुळं होऊन खाली बघत बसतं. माझ्या पहिल्याचं तेच झालं. आतली तार बोटाने जाणवेल अशी जाड असलेला घ्या आणि वाकवताना टोकाजवळ न धरता मधून धरून वाकवा. मे महिन्यात घामाने मानेला चिकटतो हेही आहेच, मी खाली ओढणी घेते.

शिलाईला मात्र मी आता लोहचुंबकवाला वापरते, छोटा गूजनेक, जुन्या काळ्या लोखंडी मशीनला घट्ट बसतो, सुईवरच उजेड. बाबांच्या टेबलावर लोखंडी व्हाईस (वस्तू घट्ट पकडायचा शिकंजा) असेल तर त्यालाही चिकटेल, मग गळ्यातही काही नको नि डोक्यालाही नको.

सुरंगी

व्हाईस आहे! आजोबांच्या वेळचा, अगदी जड. त्या लोहचुंबकवाल्या लाईटचा प्लग दोन पिनांचा असतो की यूएसबी?

टाके_टीप

दोन्ही येतात. माझा दोन पिनांचा आहे, पण तुमच्याकडे लाईट जातात तर यूएसबीचाच घ्या, पॉवर बँकेवर चालेल. ॲल्युमिनियमला आणि बऱ्याच स्टीललाही चिकटत नाही एवढं बाबांना सांगून ठेवा, नाहीतर मिक्सरच्या भांड्यावर प्रयोग होईल.