साखरपुड्याची अंगठी: हिरा नको, मग कोणता खडा?

प्रश्न: सराफ बाजारात अमेरिकन डायमंड आणि मोइसनाइट हे हिऱ्यासारखे दिसणारे दोन्ही कृत्रिम खडे दाखवतात. अंगठी रोज वापरायची आहे. काय घ्यावं?

उत्तर: मोइसनाइटच. मोह्स मापावर (हिरा १०) त्याचा कठीणपणा ९.२५, अमेरिकन डायमंडचा ८ च्या आसपास, म्हणून अमेरिकन डायमंडच्या कडा झिजून खडा धुरकट होतो.

उत्तर: सोनं १८ कॅरेट घ्या, २२ नको. २२ कॅरेटच्या मऊ सोन्यात खडा धरणाऱ्या नख्या वाकतात, खडा निसटतो. नख्या चारऐवजी सहा करून घ्या. ७५० ची (१८ कॅरेट शुद्धतेची) खूण बघा, एचयूआयडी म्हणजे दागिन्यावरचा हॉलमार्क क्रमांक बीआयएस केअर या सरकारी ॲपवर तपासा.

उत्तर: पावतीवर खडा वगळून निव्वळ सोन्याचं वजन लिहून घ्याच! आणि हिरा ओळखायचं साधं टेस्टर मोइसनाइटलाही हिरा दाखवतं. भिंगातून तिरपं पाहा, मोइसनाइटच्या मागच्या कडा दुहेरी दिसतील.