संस्थेचे जुने हजेरीपट, अर्ज, फोटो स्कॅन करून मूळ कागद रद्दीत द्यायचे म्हणतात. काय करू?

औशाची_लेक:

नमस्कार. मी औसा तालुक्यातली. एमएसडब्ल्यू झालंय. आमच्याकडच्या एका जुन्या संस्थेनं मला वर्षभरासाठी मानधनावर घेतलंय, काम म्हणजे संस्थेचे जुने कागद लावणं. संस्थेचं वसतिगृह निजामाच्या राजवटीतलं. बहात्तरच्या दुष्काळात संस्थेनं तळ्याच्या कामावर मदत केली, किल्लारीच्या भूकंपानंतर आईबाप गेलेली लेकरं सांभाळली. त्या सगळ्याचे कागद मागच्या पत्र्याच्या खोलीत कोंबून ठेवलेत. तीन लोखंडी पेट्या, लाल फडक्यात बांधलेले बावीस गठ्ठे, वर काही पोती. पत्रा गळतो. खालच्या दोन गठ्ठ्यांना वाळवी लागलीय. बरंच मराठीत आहे, काही उर्दूत, सात-आठ पानं मोडीत.

कार्यकारिणीचं म्हणणं असं की दोन महिन्यांत मोबाइलनं सगळं स्कॅन करा, विषयवार फोल्डर करा, जुने फोटो वेबसाइटवर टाका आणि मूळ कागद रद्दीला द्या. खोली मुलींच्या शिलाई वर्गाला हवी आहे, ती गरजही खरी आहे. काल एक गठ्ठा सोडला तर आत हजेरीपट निघाले, पानंच्या पानं अंगठ्यांनी भरलेली. सचिव म्हणाले, ‘ह्या अंगठ्यांचं आता काय करायचं, बाजूला टाका.’ माझा हातच झाला नाही. सुरुवात कुठून करू? आणि या कामात पुढं काही भवितव्य आहे का, तेही कुणी अनुभवानं सांगा.

निवृत्त_अव्वलकारकून:

बाई, ते हजेरीपट टाकू देऊ नका. बहात्तर साली मी अठरा वर्षांचा होतो आणि पाझर तलावाच्या कामावर हजेरी मांडायला होतो. सकाळी नावं पुकारायची, आठवड्याला मजुरी वाटताना अंगठे घ्यायचे. शाईची गादी उन्हानं वाळायची, मग पाण्याचे दोन थेंब टाकायचो. म्हणून तुम्हाला काही अंगठे फिके दिसतील. ते फिके अंगठे दुपारचे. नावापुढं ‘पि.’ असेल तर पिता, ‘भ्र.’ असेल तर भ्रतार, म्हणजे नवरा. सातबाऱ्यावर नाव नाही, शाळेत नाव नाही, अशा लई बायांचं नाव त्या काळात फक्त हजेरीपटावरच लागलं. खडी फोडून हाताच्या रेषा झिजलेल्या असायच्या, अंगठा नीट उमटायचाच नाही.

सरकारी कचेरीत कागदाला वर्ग असतात. अ कायमचा, ब तीस वर्षांचा, असं करत ड म्हणजे वर्षभरात निकाली. तुमची खाजगी संस्था, तिला ते जसंच्या तसं लागू नाही. पण काय ठेवायचं आणि काय काढायचं याचा लेखी ठराव झाल्याशिवाय चिठोराही बाहेर जाऊ देऊ नका. तोंडी सांगण्यावर कागद काढला की पुढं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

दप्तरवाली:

ताई, मी संभाजीनगरात राहते आणि सतरा वर्षं हेच काम करते. अनाथाश्रम, वसतिगृहं, दुष्काळ-भूकंपाच्या मदत समित्या, यांची दप्तरं लावते. काकांनी हजेरीपटाचं सांगितलं ते अगदी खरं आहे. मी बाकीचं सांगते.

आता एकही गठ्ठा सोडू नका. आधी प्रत्येक गठ्ठा जिथं पडलाय तिथंच त्याचा फोटो काढा, खडूनं नंबर घाला आणि कशावर काय होतं ते वहीत लिहा. विषयवार लावायचं म्हणतात ना, ते तर अजिबात करू नका. हे मी शिकले ते एका बाईचं नुकसान करून. पहिल्याच नोकरीत मी एका वसतिगृहाचे चाळीस गठ्ठे सोडले आणि अर्ज एकीकडं, पालकांची पत्रं दुसरीकडं, दवाखान्याच्या चिठ्ठ्या तिसरीकडं असं सुंदर लावून ठेवलं. सगळ्यांनी कौतुक केलं. दोन वर्षांनी परभणीकडून एक बाई आली. तिची आई त्या वसतिगृहात वाढली होती आणि आईचं माहेरचं गाव कोणतं एवढंच तिला हवं होतं. त्या नावाच्या तीन मुली निघाल्या. जुन्या गृहपालांनी प्रत्येक मुलीचे कागद एका सुतळीत बांधलेले होते, ती सुतळी मीच सोडली होती. कोणतं पत्र कोणत्या मुलीच्या घरून आलं हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. बाई संध्याकाळच्या एसटीनं परत गेली. तेव्हापासून कुणी बांधलेली गाठ मी त्या माणसाचं लिखाण समजून वाचते. काही सोडावंच लागलं तर कशासोबत काय होतं ते आधी लिहून काढते.

वाळवीचे दोन गठ्ठे आजच वेगळ्या खोलीत न्या, बाकीच्यांजवळ ठेवू नका. ओलं असेल ते उन्हात घालू नका, सावलीत पंख्याखाली पसरा आणि पानांमध्ये टीपकागद घाला. दोन दिवस तसंच राहिलं तर बुरशी धरते. अंगठ्याची शाई पाण्यानं पसरते, म्हणून त्या पानांना ओला बोळा अजिबात लावायचा नाही. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच नको. फाटलेलं पान जपानी टिश्यू आणि मैद्याच्या खळीनं जोडता येतं, ते कुणाकडून तरी समोर बसून शिका. कडुनिंबाचा पाला कागदात घालू नका, डाग पडतात.

आता गावांचं आणि सालांचं. आपल्या मराठवाड्यात हे समजलं नाही तर कागद हातात असून माणूस सापडत नाही. तुमचा लातूर जिल्हा १९८२ चा, त्याआधीच्या कागदांवर औसा उस्मानाबाद जिल्ह्यात दिसेल. निलंगा, उदगीर, अहमदपूर तर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. अंबाजोगाईच्या जागी मोमिनाबाद असेल. कागदावर आहे तेच नाव लिहा आणि शेजारी आजचं लिहा, एकाच्या जागी दुसरं घालू नका. किल्लारीच्या बाबतीत तर जास्तच जपा. ३० सप्टेंबर १९९३ नंतर ५२ गावं जागा सोडून नव्यानं वसली. नाव तेच राहिलं, जमीन बदलली. अर्जावरचं घर जुन्या गावठाणातलं की नव्या वस्तीतलं हे तारखेवरून ठरवून लिहा.

निजामाच्या काळातल्या कागदांवर फसली साल असेल. वर्ष आझूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरात सुरू होतं. इसवी सन काढायला ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० मिळवायचे, पुढच्या महिन्यांना ५९१. समजा अर्जावर ‘अमरदाद १३५५’ आहे, तर तो १९४६ च्या जूनच्या सुमाराचा. वसतिगृहाचा प्रवेश अर्ज असेल तर महिनाही जुळतो बघा, शाळा उघडायची वेळ. आणि खर्चाच्या वहीत रुपये लिहिलेले दिसले की हाली (निजामाचा रुपया) की कलदार (इंग्रजांचा रुपया) ते आधी बघा. १०० कलदाराला साधारण ११६ हाली पडायचे. हे न बघता एका अभ्यासकानं वसतिगृहाचा खर्च अचानक कमी झाला असं लिहून टाकलं होतं. खर्च तेवढाच होता, वही हालीतून कलदारात गेली होती.

लेकरांच्या कागदांचं मात्र हात जोडून सांगते. भूकंपात पोरकी झालेली ती मुलं आज पस्तीस-चाळिशीत आहेत, कुणाच्या सासरी माहीत आहे, कुणाच्या नाही. त्यांचे फोटो आणि अर्ज वेबसाइटवर टाकू देऊ नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलम अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं, ते कार्यकारिणीपुढं वाचून दाखवा. यादीत एवढंच लिहा, ‘प्रवेश अर्ज, १९९३ ते ९५, पाहण्यास बंद’. पण ते लेकरू स्वतः मोठं होऊन दारात आलं तर त्याला बसवा, पाणी द्या, ओळख पटवा आणि त्याचा कागद त्याच्यासमोर सावकाश वाचा. मध्येच रडू येतं, तेव्हा कपाट आवरायला उठू नका, जवळ बसा.

भवितव्याचं विचारलंत. पैसा कमी आहे आणि काम बहुतेक वेळा वर्षाच्या करारावर मिळतं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे, जमलं तर करा. आपल्या पुराभिलेख संचालनालयाचं इथं संभाजीनगरात कार्यालय आहे, एकदा येऊन तिथली दप्तरं पाहून जा. मोडी आणि उर्दू यातलं एक तरी शिकाच. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना किती मागणी असते ते सगळ्या मराठवाड्यानं पाहिलं.

पाझर_तलाव:

ताईंचं पटतं, पण एक विचारतो. मीही एका छोट्या संस्थेचा सचिव आहे. चांगलं स्कॅन झालं, तीन ठिकाणी जपलं, तर मूळ कागद ठेवून खोली अडवायची कशाला? शिकणाऱ्या मुलींना ती खोली नको का?

दप्तरवाली:

दादा, मुलींना खोली द्याच. बावीस गठ्ठे आणि तीन पेट्यांना दोन लोखंडी कपाटं पुरतात, फक्त गळणाऱ्या पत्र्याखाली नकोत. स्कॅनचं म्हणाल तर एका संस्थेत हजेरीपटांची फक्त पुढची बाजू स्कॅन झाली आणि कागद विकले गेले. वाचले ते चार, कारण ते एका शिपायानं घरी पुस्तकांना घालायला नेले होते. ते मी पाहिले. एकाच्या पाठीवर पेन्सिलनं लिहिलं होतं, ‘आज पोरं ४१. सुकडी दुपारीच संपली.’ सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर वाटायचं तयार खाणं. कामावर आलेल्या आयांची लेकरं किती होती आणि त्यातली किती उपाशी राहिली असतील हे पुढच्या बाजूला कुठंच नव्हतं. बाकीच्या पाठींवर काय होतं ते आता कळायचं नाही.

निवृत्त_अव्वलकारकून:

पेन्सिलनं आम्हीच लिहायचो. पुढच्या बाजूला मजुरीशिवाय काही लिहायची परवानगी नव्हती.

औशाची_लेक:

तुम्हा सगळ्यांची आभारी आहे. आज सचिवांना काकांचा आणि ताईंचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले त्यांची आजीही त्याच तळ्यावर कामाला होती. रद्दीचं दिवाळीपर्यंत थांबवलंय आणि दोन कपाटांचा ठराव पुढच्या बैठकीत घेणार आहेत. वाळवीचे गठ्ठे व्हरांड्यात काढले, उरलेल्या वीसपैकी नऊंवर नंबर घातले.

ताई, ती मोडीची पानं तुम्हाला पाठवली तर वाचाल का? वर कुणाची तरी नावं आहेत असं वाटतं.

दप्तरवाली:

वाचते की. पण मोडी तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून नाव कोणतं ते तुम्हाला कळणार नाही. तेव्हा इथं सगळ्यांसमोर टाकू नका. पान घेऊन एक दिवस या, शेजारी बसून वाचू. येताना पान पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत ठेवा, घडी घालू नका.