मार्चच्या बर्फात मोनॅडनॉक: बाबांना आणि मुलांना न्यावं का?

निळीछत्री:
बॉस्टनच्या आसपासची आम्ही बारा-तेरा मंडळी येत्या शनिवारी न्यू हॅम्पशायरमधल्या माउंट मोनॅडनॉकला जायचं म्हणतोय. सकाळी निघून संध्याकाळपर्यंत परत. बरोबर दहा-अकरा वर्षांची दोन मुलं आहेत आणि पुण्याहून आलेले माझे बाबा, वय ६६. बाबा दर नवरात्रात कळसूबाईला जाणारे. "कळसूबाई १६४६ मीटर, तुमचा हा डोंगर ९६५. त्यात काय एवढं?" असं त्यांचं म्हणणं. उन्हाळ्यात आम्ही व्हाइट डॉटच्या वाटेने गेलोय, बर्फात आमच्यातलं कुणीच गेलेलं नाही. तीच वाट धरावी का? बाबांचे पुण्याहून आणलेले ट्रेकचे बूट चालतील का? आणि मुळात बाबांना न्यावं का?

खडकवाट:
बाबांना जरूर न्या. फक्त उंचीच्या आकड्यावर जाऊ नका. पायथ्याच्या जॅफ्री गावाकडच्या पार्किंगपासून माथा साधारण साडेपाचशे मीटर वर आणि दोन मैल लांब, एवढंच. पण तो माथा बोडका आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आगींत वरची झाडं गेली, मागोमाग माती वाहून गेली आणि नुसता कातळ उरला. झाडीतून बाहेर पडलात की वारा थेट अंगावर येतो. खाली जॅकेट काढून चालणारी माणसं वर दहा मिनिटांत कुडकुडायला लागतात.

सह्याद्रीत घामाने भिजलो तरी आपण उन्हात वाळतो. इथे बर्फात घामच घात करतो. ओला सुती कपडा अंगाला चिकटून राहतो आणि थांबलं की हाडं गारठतात. बाबांचा सुती बनियन घरी ठेवायला लावा, आत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर द्या. पार्किंगमधून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने चढा, घाम फुटायच्या आत एक थर उतरवा आणि थांबलात की लगेच चढवा. याचा कंटाळा करू नका, बाबांनाही करू देऊ नका.

बूट पाणी आत येऊ न देणारे असतील तर चालतील. मायक्रोस्पाइक्स (बुटावर बाहेरून चढवायचे लोखंडी दात) मात्र प्रत्येकाच्या बुटाला हवेतच, मुलांच्यासुद्धा. मार्चचा बर्फ दुपारी वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. हिवाळाभर पायांखाली दाबला गेलेला मधला पट्टा शेताच्या बांधासारखा टणक उरतो, दोन्ही बाजूंचा भुसभुशीत होतो. बांधावरून पाय सटकला की गुडघ्यापर्यंत आत, आणि आत दगड. घोटा मुरगळतो तो इथे. उतरताना ओला बर्फ स्पाइक्सखाली गोळा होऊन चिकटतो, तो काठीने ठोकून पाडत राहा.

वाटेबद्दल: फाल्कन स्प्रिंग या झऱ्यापर्यंतचे ०.७ मैल रुंद आणि सोपे आहेत. तिथून व्हाइट डॉट सरळ अंगावर येतो. डावीकडे फुटणारी व्हाइट क्रॉस त्यामानाने सौम्य. तुमच्या गटाला घेऊन मी जाता-येता दोन्ही वेळा व्हाइट क्रॉसनेच जाईन.

थर्मासवाली:
खडकवाट यांना +१. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा, पाणी वरून गोठायला लागतं, म्हणजे झाकणाकडची बाजू मोकळी राहते. नळीवाली पिशवी नकोच, नळी आधी गोठते. चिक्की थंडीत चावता चावत नाही. आम्ही गुळाच्या दशम्या आणि खजुराचे लाडू नेतो, तेही जॅकेटच्या आतल्या खिशात, फोनशेजारी. थर्मासमध्ये कढत आमसुलाचं सार. मुलं चहा पीत नाहीत, पण सार मागून पितात.

निळीछत्री:
खूप आभार! एकच काळजी आहे. माथा समोर दिसत असताना बाबा परत फिरायला तयार होणार नाहीत.

खडकवाट:
ते वर ठरवायचंच नाही. पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर सांगून टाका: नवाला चालायला लागायचं, एक वाजता जिथे असू तिथून मागे. मार्चच्या सुरुवातीला सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं. बाबांना सगळ्यांत पुढे ठेवा, वेग त्यांचा. त्यांच्याबरोबर परत फिरणारे दोघे आधीच ठरवा आणि एका गाडीची किल्ली त्यांच्याकडे द्या, नाहीतर बाकीचे उतरेपर्यंत बाबा थंडीत ताटकळतील.

कुणाचंही बोलणं अडखळायला लागलं, विनाकारण चिडचिड सुरू झाली किंवा हातमोजा स्वतःचा स्वतःला चढवता येईना, तर वेळ न बघता सगळ्यांनी खाली. आणि माथ्यावर पोचलात की उतरायची वाट आधी हेरून ठेवा. कातळावर रंगवलेल्या खुणा बर्फाखाली जातात आणि वरून वेगवेगळ्या दिशांना वाटा उतरतात. चुकीच्या बाजूला उतरलात तर गाडी डोंगरापलीकडे राहते. इंटरनेटशिवाय चालणारा नकाशा निदान तिघांच्या फोनमध्ये असू द्या.

पीटरबरोकर:
वारा फार असेल तर पॅक मोनॅडनॉकला या, १०१ नंबरच्या रस्त्यावर मिलर स्टेट पार्क. उंची सुमारे ७०० मीटर. माथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे, हिवाळ्यात गाड्यांना बंद असतो, चालत जाता येतं. स्पाइक्स तिथेही लागतीलच. हवा स्वच्छ असली तर वरून मोठा मोनॅडनॉक समोर दिसतो.

निळीछत्री:
हे फारच छान. मग शुक्रवारी रात्री वाऱ्याचा अंदाज बघून दोन्हींपैकी एक ठरवतो. किल्ली मावसभावाकडे देते, बाबा त्याचं ऐकतात. थर्मासवाली ताई, तेरा जणांना सार किती लागेल?

थर्मासवाली:
एक एक लिटरचे तीन थर्मास न्या. तिखट कमी घाला, आलं जास्त.