एमएस्सीला मायक्रोपॅलिओंटॉलॉजी (सूक्ष्म जीवाश्मांचा अभ्यास) घेऊ का? ठाण्यातून कोणी केलंय का?

कळवा_स्लो
टीवायला आहे, जिऑलॉजी. सगळे म्हणतात जीआयएस (कॉम्प्युटरवरचे नकाशे) घे नाहीतर हायड्रो (भूजल), नोकरी लागेल, पण या सेमला फोरॅमचं (कवच असलेले बारीक एकपेशीय जीव) प्रॅक्टिकल झालं आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच बसलंय. डायनासोर नाही हो, घरी सगळ्यांना तेच वाटतंय, आईने शेजारच्या काकूंना सांगूनपण टाकलं. यात डेझर्टेशन केलं तर पुढे काय स्कोप आहे? आणि खाडी घराजवळच आहे तर सुट्टीत चिखल आणून काही बघता येईल का?

बेसॉल्टवाला
ठाण्यात सगळा काळा दगड, लाव्हाचा. फॉसिल कुठले मिळणार, जीआयएस घे आणि मोकळी हो.

नेरूळची_मावशी
@बेसॉल्टवाला लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये तळ्यातला गाळ अडकलाय ना, इंटरट्रॅपियन! वरळीच्या टेकडीतल्या बेडकांचं वर्णन रिचर्ड ओवेनने १८४७ मध्ये केलंय, आणि अशा गाळात ऑस्ट्रॅकोडपण (दोन शिंपल्यांचं कवच असलेले बारीक जीव) मिळतात, म्हणजे मायक्रोफॉसिलच.

@कळवा_स्लो, अगं खाडीचं ऐक. ठाणे खाडीचा बराच भाग फ्लेमिंगो अभयारण्यात येतो, तिथला चिखल परवानगीशिवाय उचलायचा नाही, गाईडकडून वनखात्याच्या मँग्रोव्ह सेलला पत्र जाऊ दे. चिखल मिळाला की पाण्यात भिजव, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर नळाची बारीक धार सोडून धू, खालून स्वच्छ पाणी यायला लागेपर्यंत, बोटाने चोळू नकोस, कवचं फुटतात. मग वाळवून स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ट्रिपल झीरो ब्रश किंचित ओला करून एकेक दाणा उचलायचा. दुसरं सॅम्पल घ्यायच्या आधी चाळणी मिथिलीन ब्ल्यूमध्ये बुडवायची, म्हणजे जाळीत अडकलेलं जुनं कवच निळं होतं आणि नंतर दिसलं तर कळतं की हे आजचं नाही. आमच्या लॅबमध्ये हे कोणी शिकवलंच नव्हतं, एका सिनियरने सांगितलं.
खारफुटीच्या अगदी आतला काळा चिखल घेतलास तर कॅल्शियमची कवचं कमी दिसतील, तिथलं पाणी आम्लधर्मी असतं, विरघळतात. वाळूचे कण चिकटवून घर करणारे फोरॅम तिथे टिकतात. उघड्या चिखलात अमोनिया मिळायला हवा (जीनसचं नाव आहे, गॅस नाही).

कळवा_स्लो
थँक यू मावशी!! तासन् तास पिकिंग करायला मला आवडेल असं वाटतंय. पण नोकरीचं?

पनवेल_साइट
तेलात आहे म्हणून लिहितो. मुंबई हाय १९७४ ला सापडलं, तिथले चुनखडकाचे थर ओळखायला फोरॅम लागतातच. पण कॉलेजात शिकवतात तसं सरळ नसतं. तेलविहिरीतून कटिंग्ज (खोदताना निघालेले दगडाचे तुकडे) वर येतात त्यात वरच्या भिंतीचा चुरापण पडलेला असतो, त्यामुळे एखादी जात खाली किती खोलपर्यंत दिसते त्याला फारसा अर्थ नाही, खाली जाताना ती पहिल्यांदा कुठे दिसली त्यावर भरवसा ठेवायचा. मुलाखतीत हे विचारलं की निम्मे गप्प बसतात.
खरं सांगायचं तर निव्वळ मायक्रोपॅलिओच्या जागा फार थोड्या आहेत. जीएसआयसाठी (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) यूपीएससीची जिओसायंटिस्ट परीक्षा दे, तिथे पॅलिओ सिलॅबसमध्ये आहेच. रिसर्च करायचं असेल तर गोव्याची एनआयओ (समुद्रविज्ञान संस्था), लखनौची बिरबल साहनी इन्स्टिट्यूट, पुण्याची आघारकर. तिथे नुसती नावं ओळखून भागत नाही, कवचातल्या ऑक्सिजनच्या आयसोटोपवरून जुन्या समुद्राचं तापमान काढतात, तेव्हा केमिस्ट्री आणि थोडं पायथन सोडू नकोस.

बेसॉल्टवाला
जीआयएस पण शिकून घे म्हणजे झालं 😄

नेरूळची_मावशी
हे मात्र बरोबर बोललास, सॅम्पलचे नकाशे करायला लागतंच. आणि कळवा, अ‍ॅडमिशनच्या आधी डिपार्टमेंटला जाऊन चांगले स्टिरिओ मायक्रोस्कोप किती आहेत आणि पोरांना किती वेळ हात लावू देतात ते तिथल्या पोरांनाच विचार, सरांना नको.