संशोधनाचा पैसा मंजूर होतो, पण लॅबपर्यंत वेळेत का येत नाही?

हळदगाठ_सांगली:
नमस्कार, सांगलीत एका कॉलेजात शिकवते, हळदीतल्या कर्क्युमिनवर (तिच्यातलं पिवळं द्रव्य) सरकारी निधीतला प्रोजेक्ट आहे. मंजुरी पावसाळ्यात आली, पहिला हप्ता जमा व्हायला जानेवारी उजाडला आणि आता ३१ मार्चच्या आत खर्च दाखवून यूसी, म्हणजे निधी वापरल्याचा दाखला, द्या म्हणतात. इकडं काढणी चालू, शेतकऱ्यानं हळद शिजवायला घेतली की ओला नमुना गेला, मग थेट पुढचा हंगाम, आणि माझं एचपीएलसीच्या (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) कॉलमचं, म्हणजे त्यातल्या नळीचं, कोटेशन अजून सह्यांसाठी फिरतंय. केंद्राच्या २००३ च्या विज्ञान धोरणात जीडीपीच्या २ टक्के संशोधनावर खर्च करू असं होतं, २०१३ ला परत तेच लिहिलं, प्रत्यक्षात २०२०-२१ ला ०.६४ टक्के. नुसता पैसा कमी म्हणून हे होतं का अजून काही आहे?

कराडकर:
मॅडम, दोन्ही आहे. २ टक्क्यांचा आकडा उद्योगांनी हात लावल्याशिवाय गाठताच येत नाही, आपल्याकडं संशोधन खर्चात त्यांचा वाटा साधारण ३६ टक्के, दक्षिण कोरियात पाऊण हिश्श्यापेक्षा जास्त. २०२३ च्या कायद्यानं संशोधनाला निधी देणारं अनुसंधान फाउंडेशन आलं, पाच वर्षांत ५० हजार कोटी म्हणाले, पण त्यात केंद्राचे १४ हजार कोटी, बाकीचे उद्योग आणि देणगीदारांकडनं यायचेत. आता कुपवाड एमआयडीसीतला लहान कारखानदार कशाला देईल, त्याला आपल्या लॅबमध्ये काय चालतं हेच माहीत नसतं, आणि त्याला ते सांगायचं काम कुठल्याच कागदावर कुणाकडं दिलेलं नाही.

हिशोबनीस:
मी कॉलेजच्या अकाउंट्सला आहे, आमचीही बाजू ऐका. जून २०२५ ला केंद्रानं वैज्ञानिक खरेदीचे नियम सैल केले, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलबाहेरनं घ्यायचा अधिकार संस्थाप्रमुखांना दिला, बिनकोटेशन खरेदीची मर्यादा १ लाखावरनं २ लाख झाली. चांगलंच झालं. पण ते केंद्राच्या विज्ञान खात्यांना आणि त्यांच्या संस्थांना, आमच्या टेबलावर तीन कोटेशनं आणि खरेदी समिती तशीच आहे, आणि ऑडिटला उत्तर मलाच द्यायचं असतं. ताई, तुम्ही मार्च उजाडायच्या आत शिल्लक पुढच्या वर्षी वापरायची परवानगी लेखी मागा, ऑर्डर दिलेली असेल तर तिची प्रत जोडा.

रिसर्च_सातारा:
माणसांचं कुणी बोलतच नाही. २०२३ पासून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप, महिना ३७ हजार झाली, कागदावर छान आहे, पण प्रोजेक्टवरच्या पोरांना दिवाळीपासून काही मिळालेलं नाही. माझा मित्र एचपीएलसी उत्तम चालवायचा, घरी कर्जाचे हप्ते होते म्हणून पुण्यात कंपनीत गेला, आता मशीन झाकून ठेवलंय. परत येणार नाही तो, आणि त्याला दोषही देता येत नाही.

हळदगाठ_सांगली:
हिशोबनीस सर, खूप आभार, उद्याच अर्ज करते. मला वाटतं रकमेपेक्षा तारीख महत्त्वाची आहे, पिकावरच्या प्रोजेक्टचा हप्ता हंगामाआधी मिळेल एवढं जरी मंजुरीपत्रात बंधनकारक केलं तरी अर्धी कामं वाचतील. शिल्लक पुढं न्यायच्या अर्जाचा नमुना कुणाकडं असेल तर प्लीज टाका इथं.