रेंज म्हणजे तपासणी नव्हे

ग्रंथालयाच्या डेटात ‘लेखक’ या गुणधर्माची रेंज (म्हणजे त्याच्या मूल्याचा प्रकार) ‘व्यक्ती’ ठेवूनही एका पुस्तकाला लेखक म्हणून संस्था जोडली गेली आणि रीझनरने (डेटातून निष्कर्ष काढणाऱ्या प्रोग्रामने) चूक दाखवली नाही, तर असं का, असा एक प्रश्न आहे. रीझनर बरोबरच वागतोय. आरडीएफएस आणि आउल या डेटाचा अर्थ लिहिण्याच्या भाषांमध्ये रेंज ही अट नसते, अनुमानाचा नियम असतो. त्यामुळे तो त्या संस्थेलाच व्यक्ती ठरवून मोकळा होतो. ‘व्यक्ती’ आणि ‘संस्था’ हे वर्ग डिसजॉइंट (एकही सदस्य समाईक नसलेले) जाहीर केलेत तर विसंगती निघेल, पण संस्थेचा प्रकार डेटात नोंदवलेला असेल तरच. लेखकच नसलेलं पुस्तक तेव्हाही सुटेल, कारण ओपन वर्ल्ड गृहीतकात न लिहिलेली गोष्ट खोटी मानत नाहीत.

तपासणीसाठी शॅकल ही डेटावरच्या अटी लिहिण्याची भाषा वापरा. २०१७ पासून ती डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस आहे. पुस्तकाच्या शेपमध्ये (अटींच्या संचात) लेखकासाठी मिनकाउंट १ (किमान एक लेखक हवा), क्लास ‘व्यक्ती’ आणि नोडकाइंड आयआरआय (मूल्य मजकूर नको, वेब-पत्त्यासारखी ओळख हवी) द्या. नुसतं नाव मजकूर म्हणून टाकलेल्या नोंदी शेवटच्या अटीमुळे वेगळ्या दिसतात.

क्रम मात्र काटेकोर पाळा: आधी शॅकल, मग रीझनर. उलट केलंत तर संस्थेला ‘व्यक्ती’ हा प्रकार आधीच मिळालेला असतो आणि चूक बिनबोभाट पास होते, हा धोका फार वाईट. खोट्या चुका धडाधड येऊ लागल्या, तर लेखकांची फाइल किंवा सबक्लासची (उपवर्गांची) उतरंड लोड करायची राहिली आहे का ते पाहा. शॅकलला सबक्लास कळतात, पण कोण कोणाचा सबक्लास ही विधानं डेटा ग्राफमध्येच (तपासायच्या डेटातच) असावी लागतात.